पाय, फोटो आणि आवाज

शिंदखेड्याच्या स्टेशनवर आबा मला सोडायला आले तेव्हा माझी बॅग त्यांनी उचलली नाही, माझे बूट उचलले. फुटबॉलचे, खाली स्टड असलेले. आदल्या दिवशी अंगणात बसून त्यांनी ते घासले, पॉलिश केले, आत जुने पेपर कोंबले आणि सुतळीने बांधले. फलाटावर त्यांनी ते असे छातीशी धरले होते की बघणाऱ्याला वाटावं, खेळायला म्हातारा चाललाय आणि पोरगा त्याला सोडायला आलाय. मायच्या हातात बट्ट्यांचा डबा. तिचं एकच चाललं होतं, "जेवाना येळले जेवत जाय." मी नुसता हो हो करत होतो. कधी एकदा गाडी येते आणि मी सुटतो, असं झालं होतं मला.

गाडी आली. जळगावला उतरून मुंबईची गाडी धरायची होती. आबांनी बूट खिडकीतून आत दिले आणि गज धरून उभे राहिले. आमच्याकडे बाप लोक पोराला जवळबिवळ घेत नाहीत. ते म्हणाले, "बॉलकडे दखू नको, पायकडे दख. आन् तोंड बंद ठेवू नको. बोलत ऱ्हाय." गाडी हलली तरी ते चालत चालत तेच सांगत होते. डब्यातला एक माणूस मला म्हणाला, काय रे, वकील व्हायला चाललास का?

तुम्हा गावात मागे राहिलेल्यांना हे सगळं माहीत आहे, पण आपल्यातलेच जे सुरतेला गेले, पुण्याला गेले, कोणी थेट दुबईला, त्यांच्या पोरांना माहीत नसणार. म्हणून सांगतो. आबा मूळ शिंदखेड्याचे, नोकरी भुसावळला, रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. माझं लहानपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं, आबा रिटायर झाल्यावर आम्ही शिंदखेड्याला परतलो. शेडची फुटबॉलची टीम होती आणि आबा त्या टीमचे गोलकीपर. उंची बेताचीच, पण आवाज! दोन्ही खांबांच्या मध्ये उभे राहून ते अख्खी मॅच बोलायचे. कोणी डावीकडे सरकायचं, कोणी मागे यायचं, कोण उगाच बॉल कुरवाळत बसलाय, सगळं अहिराणीत. टीममध्ये तमिळ होते, बिहारी होते, त्यांनाही अहिराणी यायला लागली, आणि पहिल्यांदा आल्या त्या शिव्या. मॅचच्या दिवशी माय क्वार्टरच्या मागच्या दारात धुणं धूत असायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, "आज हारनात वाटस." चूक क्वचितच व्हायची तिची.

आबांचं म्हणणं असं की गोलकीपरला बाकी काही नसलं तरी चालेल, आवाज पाहिजे. बाकीचे दहा जण बॉलच्या मागे पळतात, त्यांना काही दिसत नाही. ज्याला सगळं दिसतं त्याने गप्प राहायचं म्हणजे काय? आणि दुसरं म्हणजे पाय. समोरचा मारायला आला की आबा त्याच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, बॉलकडेही नाही. टेकलेल्या पायाकडे बघायचे. पाय कुठे वळलाय त्यावरून बॉल कुठे जाणार ते कळतं. भुसावळच्या त्या ग्राउंडवर किती जणांचे पाय त्यांनी असे पाठ करून ठेवले होते. माणूस पाठमोरा चालत असला तरी नाव सांगायचे.

मी मात्र कीपर झालो नाही. मी पळणारा. आणि मुंबईला गेलो तो पळायलाच. एका कंपनीच्या टीमची निवड होती, भुसावळच्या कोचने चिठ्ठी दिली होती. निवडही झाली. अंबरनाथला एका खोलीत आम्ही चौघे राहायचो, सकाळी प्रॅक्टिस, दुपारी कंपनीच्या गोडाऊनमध्ये काम. आईशप्पथ सांगतो, इतका सुखी मी नंतर कधी झालो नाही. अंग दुखायचं आणि त्याचाही आनंद व्हायचा.

सिनेमा माझ्याकडे चालत आला, मी त्याच्याकडे गेलो नव्हतो. एका हिंदी सिनेमातला हिरो फुटबॉल खेळणारा होता, आणि त्या हिरोला बॉल मारता येत नव्हता. बॉल इकडे, पाय तिकडे. तेव्हा त्यांचे दोन असिस्टंट आमच्या ग्राउंडवर आले आणि आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून गुडघ्याखालचे पाय बघत फिरले. बाजारात बैल बघतात तसे! एकाने टेप काढून पोटऱ्या मोजल्या. माझ्या हिरोशी जुळल्या. मग माझे पाय साफ केले, वर रंग लावला कारण हिरो गोरा, आणि मी पुढचे कित्येक दिवस त्याचे बूट घालून त्याचे गोल मारले. कॅमेरा कंबरेच्या वर कधी आला नाही. वर आला की हिरो हात पसरून पळत असायचा.

आबांना मी फोनवर एवढंच सांगितलं की सिनेमात आहे. फोन म्हणजे शेजारच्या पारसभाऊंच्या कापड दुकानातला. पारसभाऊंचे आजोबा राजस्थानातून आले होते, पण ते स्वतः आपल्यापेक्षा चोख अहिराणी बोलतात. सिनेमा धुळ्याला लागला तेव्हा त्यांनीच आपल्या जीपमधून आबांना आणि मायला नेलं. टॉकीज भरलेलं. हिरोचं नाव आलं, शिट्ट्या वाजल्या. माझं नाव कुठेच नव्हतं, मी कोणाच्या मागे उभा आहे का म्हणून माय डोळे फाडून बघत होती. आणि मग मॅच सुरू झाली, पडद्यावर नुसते पाय आले, आणि आबा खुर्चीतून उठून ओरडले, "ह्या पाय मना आंडोरना शेतस!" हे पाय माझ्या पोराचे आहेत!

कॅमेरा वर गेला, हिरोचं तोंड दिसलं, सगळं टॉकीज हसलं. मागून कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला खाली बसवा. आबा बसले नाहीत. पारसभाऊ सांगतात, इंटरव्हलपर्यंत ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की डावा पाय टेकवताना टाच अशी बाहेर काढतो तो माझाच, दुसऱ्या कोणाची असली सवय नाही. त्यांना माझी लाज वाटली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढे कैकदा वाटलं. पण ते खूश होते. दुकानातून फोन करून म्हणाले, "पाय दखात. चांगला मारा. आते बोलशी कवय?"

हे 'कवय बोलशी', म्हणजे कधी बोलशील, तेव्हा सुरू झालं.

दुसऱ्या सिनेमाच्या वेळी गुडघा गेला. पावसातली मॅच दाखवायची होती, पाऊस नव्हता, टँकरने पाणी मारून मारून मैदानाचा चिखल केला होता. मी घसरून बॉल काढायचा आणि समोरच्याने माझ्यावरून उडी मारायची. पहिल्यांदा झालं ते चांगलं होतं, पण हिरोची छत्रीवाली मध्ये आली म्हणून पुन्हा घ्यायचं ठरलं. दुसऱ्या वेळी समोरचा माझ्या गुडघ्यावर उतरला. आतून जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो, वाळकी फांदी पायाखाली यावी तसा. ऑपरेशन झालं. चालतो मी, जिने चढतो, पण पळणं संपलं. टीमने कोणाला तरी दुसऱ्याला घेतलं, त्यांची तरी काय चूक? खेळाडूची जागा रिकामी ठेवत नाहीत.

तेव्हाच परत यायला हवं होतं असं बरेच जण म्हणाले. काय करायला यायचं होतं? ज्या पायांसाठी आबा टॉकीजमध्ये उभे राहिले ते पाय ओढत त्याच फलाटावर उतरायचं? माझ्याच्याने झालं नाही. पायांमुळे युनिटची माणसं ओळखीची झाली होती, त्यातल्या एकाने सांगितलं, अरे, तुझं तोंडही वाईट नाही. झालं. मी नट झालो. म्हणजे गर्दीत उभा राहिलो, पोलीस झालो, वेटर झालो, प्रेतयात्रेत खांदेकरी झालो. खांदा देण्यात मी इतका तयार झालो की एक दिग्दर्शक मला बघून म्हणायचा, हा आला म्हणजे आज कोणीतरी जाणार.

मग ती मालिका आली. मराठी, रोज संध्याकाळची. त्यात मुख्य बाईचा नवरा पहिल्या भागाच्या आधीच वारलेला. म्हणजे शूटिंग नाही, संवाद नाही, फक्त एक फोटो. मला बोलावलं, कोट घातला, मिशी लावली, म्हणाले, प्रेमळ बघा. मी प्रेमळ बघितलं. तो फोटो मोठा करून, फ्रेम करून, चंदनाचा हार घालून त्यांच्या दिवाणखान्याच्या सेटवर लावला. आणि ती बाई वर्षानुवर्षं त्या फोटोसमोर रडली. सासूने छळलं की फोटोसमोर, पोरगी पळून गेली की फोटोसमोर, कारखाना मिळाला की पुन्हा फोटोसमोर. महाराष्ट्रात असं घर नसेल जिथे मी रोज संध्याकाळी मेलेला नव्हतो. एकदा अंबरनाथच्या डेअरीत एक बाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "तुमचे मोठे भाऊ गेले का हो?" मी हो म्हणालो. काय सांगणार!

हसू नका, पण इकडे शिंदखेड्याला घरात सुतक असल्यासारखं झालं. जित्या पोराच्या फोटोला हार! माय पहिल्या दिवशी उठून टीव्हीपुढे उभी राहिली, फोटोवरून दोन्ही हात उतरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. मग मीठ-मिरच्या आणून टीव्हीची दृष्ट काढली. रोज. मिरच्यांच्या ठसक्याने सगळे खोकायचे आणि मालिका तशीच चालू असायची. मी फोनवर समजावलं की अगं, हे सगळं खोटं असतं. ती म्हणाली, "जित्ता माणूसले हार घालतस का कोनी?" मी मालिकेत सांगून बघितलं, हार तेवढा काढा. ते म्हणाले, हार काढला तर लोकांना वाटेल तुम्ही परत येणार. मायने मग स्वतःच तोड काढली. फोटो आणि रडणं आलं की ती रिमोटने आवाज बंद करायची. का, तर आबांच्या कानावर ते रडणं पडू नये.

कारण आबांना आता कानच राहिले होते. काचबिंदू. आधी बाजूचं दिसेनासं झालं. ते म्हणायचे, उजव्या खांबाकडचं कमी दिसतंय. धुळ्याला दाखवलं, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, गेलेलं येणार नाही. टिकलं नाही. दरवर्षी मी दिवाळीला जायचो तेव्हा त्यांचं बघणं थोडं आणखी आत गेलेलं असायचं. शेवटी शेवटी मी समोर बसलेलो असताना ते माझ्या शेजारच्या भिंतीशी बोलायचे. आवाज मात्र तोच, भुसावळच्या ग्राउंडवरचा. माझी अक्का, म्हणजे थोरली बहीण, नशिराबादला दिलेली, ती फोन लावून त्यांच्या हातात द्यायची आणि आबांचा प्रश्न ठरलेला. गुडघा कसा, जेवला का, आणि "आते कवय बोलशी?" मी सांगायचो, होईल आबा, एके ठिकाणी बोलणी चालू आहेत. मालिकेच्या लेखकाने खरंच सांगितलं होतं की त्या बाईची जुनी आठवण दाखवू, त्यात तुम्ही बोलाल. आठवण दाखवली. त्यात मी पाठमोरा होतो.

मुंबईत माझं एकच बरं चालायचं, रविवारची सकाळ. माझ्यासारखेच काही गर्दीतले नट, दोन लाइटमन, एक मेकअपवाला, आम्ही गोरेगावच्या एका ओबडधोबड मैदानावर खेळायचो. मला पळता येत नाही म्हणून मला गोलात उभं केलं. पहिल्या दिवशी मी खांबांच्या मध्ये उभा राहिलो आणि माझ्या तोंडून आपोआप आबा बाहेर पडले. "आरे सरक, डावीकडे सरक, तठे काय करी ऱ्हायना!" पोरं थबकली, मग हसली, मग सरकली. आठवडाभर तोंड मिटून मेलेला असायचो आणि रविवारी घसा बसेपर्यंत ओरडायचो. तेव्हा मला कळलं की आबा त्या जागेवर किती एकटे असतील. गोल झाला की सगळे तुमच्याकडे बघतात, आणि बाकी वेळ कोणी नाही.

तिथेच मला ते काम मिळालं. खेळायला येणाऱ्या एकाने माझं ओरडणं ऐकलं होतं. तो एका वेब मालिकेत असिस्टंट होता. गोष्ट खानदेशातली, आणि त्यांना अहिराणी बोलणारा माणूस हवा होता. काम एका बापाचं. त्याचा मुलगा घरातून गेलाय, परत आलेला नाही, आणि तो पोलीस ठाण्यात येऊन सांगतो. एकच प्रसंग, पण त्यात सगळं बोलणं त्याचं. शूटिंग साताऱ्याकडे होतं, मागे ऊस डोलत होता. मी म्हटलं, बाबांनो, आमच्याकडे कापूस असतो. ते म्हणाले, मागचं धूसर करू.

मी मात्र त्या खुर्चीत बसलो तेव्हा आबा झालो. ते जसे बोलण्याआधी गुडघ्यावर दोन्ही पंजे ठेवतात, पहिला शब्द मोठ्याने आणि शेवटचा पोटात बोलतात, तसं. "साहेब, मना आंडोर काल सकायले घरथून निंघना. आजून उना नही. त्यानी माय दारमा बशेल शे. तुमी काई बी करा, पन माले सांगा, तो कोठे शे." प्रसंग झाला. साउंडवाला कानावरचं काढून माझ्याकडे आला आणि नुसता खांद्याला हात लावून गेला. मी विचारलं, पुन्हा आवाज द्यायला स्टुडिओत यावं लागेल का? म्हणाले, गरज नाही, झकास आलंय. मी तिथूनच घरी फोन लावला. आबांना म्हटलं, बोललो. आपल्या बोलीत बोललो. आधी श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "तू येशी का तवय आठे? संगे आयकू." म्हणजे तेव्हा मी तिथे यायचं, सोबत ऐकू.

त्यांची तब्येत तोपर्यंत बरी नव्हती. पायांवर सूज, जेवण दोन घास. अक्का म्हणत होती, त्या मालिकेची वाट बघतायत म्हणून तग धरलाय. मालिका ज्या दिवशी आली त्या दिवशी मी शिंदखेड्याला होतो. संध्याकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतले आले, आबांच्या शेडमधले दोन म्हातारे भुसावळहून आले, पारसभाऊ आपली खुर्ची घेऊन आले. आबांनी दाढी करवून घेतली होती, धुतलेला पांढरा शर्ट. ते टीव्हीच्या अगदी जवळ बसले, तोंड आमच्याकडे आणि उजवा कान टीव्हीकडे. मी त्यांच्या शेजारी खाली बसलो. अक्काने मोबाइलवरून टीव्हीला जोडून दिलं.

माझं तोंड आलं तेव्हा टाळ्या पडल्या. अख्ख्या पडद्यावर मी. हार नाही, मिशी नाही, जित्ता. मायने पदर तोंडावर घेतला. मी गुडघ्यावर पंजे ठेवले, तोंड उघडलं, आणि टीव्हीतून आवाज आला, "सायेब, माझं लेकरू काल सकाळधरनं घरला आलं न्हाई बगा. त्येची आय दारात बसलीया. कायबी करा जी, पर आमाला सांगा, त्यो कुठं हाय."

तो मी नव्हतो. कोणीतरी दुसराच. मागाहून कळलं, वरच्या साहेबांना वाटलं की अहिराणी लोकांना समजणार नाही, तेव्हा "जरा गावाकडचं" करून घ्या. त्यांच्या लेखी गाव म्हणजे एकच गाव आणि तिथली भाषा एकच. एका चांगल्या आवाजाच्या माणसाला बोलावून माझ्या ओठांवर त्याचं बोलणं बसवलं. मला सांगायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. त्या क्षणी मात्र मला हे काही माहीत नव्हतं. मला फक्त दिसत होतं की मी बोलतोय आणि मला माझा आवाज येत नाही. असं वाटलं की पुढे होऊन तो टीव्ही उचलावा आणि अंगणात आपटावा.

आबा तसेच कान लावून बसले होते. प्रसंग संपला, दुसरं काही सुरू झालं, जीपबिप आली. सगळ्यांना कळलं होतं आणि कोणाची सांगायची हिंमत नव्हती. आबांनी हात माझ्याकडे पसरला, माझं डोकं चाचपलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "तू कवय बोलशी?"

पारसभाऊंनी मान खाली घातली. अक्का माझ्याकडे बघत होती, डोळे भरलेले. बापाला काय सांगायचं? की झालं, तुम्ही जन्मभर वाट बघितलीत ते आत्ता होऊन गेलं आणि तो मी नव्हतो?

माय उठली. जिने इतकी वर्षं रोज संध्याकाळी ते बटण दाबलं होतं तिने रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. अक्काला म्हणाली, "पहिलेथून लाव." मग माझ्याकडे वळून, जसं लहानपणी पाढे म्हणायला लावायची तसं, "बोल."

पडद्यावर पुन्हा माझं तोंड आलं. मी टीव्हीच्या बाजूला सरकलो, आबांच्या उजव्या कानाशी. गुडघ्यावर पंजे ठेवले. ओठ हलले तसा मी बोललो, "साहेब, मना आंडोर काल सकायले घरथून निंघना. आजून उना नही." पहिल्या वाक्याला आवाज चिरकला, मग सापडला. "त्यानी माय दारमा बशेल शे." मागे कोणीतरी हुंदका दिला. शेवटचा शब्द मी पोटात बोललो. आबांचं तोंड हळूहळू उघडं पडत गेलं. झाल्यावर ते म्हणाले, "हाऊ तर मनामायक बोलस." हा तर माझ्यासारखा बोलतो. त्यांनी हात खाली आणला, माझा फुटका गुडघा शोधला आणि त्यावर ठेवला. मग म्हणाले, "आजून एकदाव."

अक्काने पुन्हा लावलं. मी पुन्हा बोललो. मग पुन्हा. माणसं एकेक करून उठून गेली, कोणी निरोप घेतला नाही. आबांना फसवलं असं काही जण म्हणतील. मला नाही वाटत ते फसले. ज्या माणसाला नुसत्या टाचेवरून पोरगा कळला त्याला आवाज टीव्हीतून येतोय की कानाशेजारून, हे कळलं नसेल? पण त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पंधरवड्यात ते गेले. मी शूटिंगला होतो, पोहोचलो तेव्हा सगळे दारात माझ्यासाठी थांबले होते. या वेळी खांदा खराच दिला.

त्यांचा एकट्याचा फोटो घरात नव्हता. शेडच्या टीमच्या जुन्या फोटोतून त्यांचा तेवढा कापून मोठा केला, मांडीवर बॉल घेऊन खाली बसलेला. पारसभाऊंनी हार आणला होता. मायने घालू दिला नाही. म्हणाली, "तुले हार व्हता आन् तू जित्ता व्हता. याले नको घालू." तो फोटो तसाच आहे, बिनहाराचा.

मला विचारतात, आता आबा नाहीत, माय अक्काकडे नशिराबादला असते, शिंदखेड्याच्या घराला कुलूप, मग तुझं घर कुठलं? अंबरनाथची खोली माझ्या नावावर आहे, पण तिला मी खोलीच म्हणतो. मला एवढंच सांगता येईल की ती मेलेल्या नवऱ्याची मालिका हल्ली दुपारी पुन्हा दाखवतात. मी कुठल्या तरी सेटवर कोपऱ्यात डबा खात बसलेला असतो, खिशात फोन वाजतो. पलीकडे मायचा श्वास, आणि मागे काहीच आवाज नाही. ती म्हणते, "टीव्हीवर तुना फोटो उना. आवाज बंद करेल शे. बोल."

मी घास गिळतो आणि बोलतो. आज डब्यात काय होतं, गुडघा कसा आहे, रविवारी किती गोल खाल्ले. फोटो पडद्यावर असेपर्यंत.